आतून कडी

सांडू वाघ वारला याचं कचरूभाऊ गाडेकरांना दुःख झालं. पण तो वारल्याचं बरेच दिवस कुणाला कळलंच नाही, याचा त्यांनी जो धसका घेतला त्यापुढं ते दुःख म्हणजे किस झाड की पत्ती.

दोघांनी चितेगावच्या एका कारखान्यात, पॅकिंग खात्यात उभं आयुष्य काढलेलं. खोक्यात माल भरायचा, वरून चिकटपट्टी मारायची आणि बाजूला ‘ही बाजू वर’ असा शिक्का उमटवायचा. कारखान्यात नेमकं काय बनतं हे कचरूभाऊंनी बायकोला, लक्ष्मीबाईंना, लग्नानंतर कैक वर्षांनी सांगितलं. कारण तोवर त्यांनाही नक्की ठाऊक नव्हतं. त्यांच्यापर्यंत माल यायचा तो कागदात गुंडाळूनच.

निवृत्तीनंतर सांडूनं बीड बायपासला एका टोलेजंग इमारतीत फ्लॅट घेतला. बायको आधीच गेलेली, मुलगी परदेशात. ‘लिफ्टमध्ये माणसं भेटतात म्हणून मी उगाच खाली-वर करतो रे,’ असं तो सांगायचा आणि जुने कामगार खो-खो हसायचे. कचरूभाऊ सगळ्यांत मोठ्यानं हसायचे.

मग एके दिवशी सांडूचं दार उघडेना. तसं ते आदल्या दिवशीही उघडलं नव्हतं, आणि त्याच्या आदल्या दिवशीही. शेजाऱ्यांना वाटलं, वाघसाहेब गावाला गेले. गावाला वाटलं, सांडू शहरात मजेत आहे. पेपरवाल्यानं दारात साचलेले पेपर पाहिले आणि शहाण्या माणसासारखं पेपर टाकणं बंद केलं. शेवटी वासानं सगळ्यांना बोलावून आणलं, कारण वासाला ओळखदेख लागत नाही.

कचरूभाऊ पोचले तेव्हा दार तोडून झालेलं होतं. चौकटीला कडी लोंबत होती, तिच्याबरोबर लाकडाची एक लांब ढलपी. इमारतीतले एक गृहस्थ येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत होते, “आतून कडी होती ना! मग आम्हाला कसं कळणार?” जणू सांडूनं मरण्याआधी उठून कडी काढायला हवी होती. साधी माणुसकी असते की नाही!

तेव्हापासून कचरूभाऊंना झोप लागेना.

त्यांचं घर हडको वसाहतीतलं, बैठं, मधे माणूसभर बोळ सोडून एकमेकांना खेटलेल्या रांगेतलं. लक्ष्मीबाईंना जाऊन तीन वर्षं झालेली. मुलगा शिवराज हैदराबादला. डाव्या हाताचं घर बंद, त्यावर ‘विकणे आहे’ची पाटी, आणि पाटीवरचा फोन नंबर उन्हानं उडालेला. म्हणजे कुणाला घ्यायचंच असतं तरी त्यानं काय कपाळ बडवून घ्यायचं? कचरूभाऊ खाटेवर पडायचे आणि दाराकडं बघायचे. कडी लावली तर सांडूसारखी गत होणार. नाही लावली तर चोर येणार. बरं, घरात चोरण्यासारखं होतं काय? एक टीव्ही, एक कूलर आणि लक्ष्मीबाईंच्या हातची, आता बुरशी धरलेली कैरीच्या लोणच्याची बरणी. पण चोराला हे आधी कळवणार कसं?

मग त्यांनी मधला मार्ग काढला. कडी काढून ठेवायची आणि दाराच्या वरच्या काठावर स्टीलचा तांब्या ठेवायचा. चोर आला तर तांब्या पडेल, आवाज होईल. पहिल्याच पहाटे तांब्या पडला. मांजर होतं. मांजर भ्यालं नाही. कचरूभाऊ मात्र असे भ्याले की सकाळपर्यंत छाती धरून बसून राहिले, आणि विचार करत राहिले की आता या भीतीनंच मेलो तर लोक म्हणतील, कडी उघडी होती, म्हणजे घातपात.

कडी परत लागली.

उपाय शेवटी मोबाइलनं दिला. जुन्या कामगारांचा एक गट होता. त्यात रोज सकाळी कचरूभाऊंनी फुलाचा फोटो टाकायचा, खाली ‘शुभ सकाळ’. तोच शिवराजलाही पाठवायचा. फोटो आला म्हणजे माणूस आहे. नाही आला तर धावत या. किती सोपं! गटातल्या कुणाला ही योजना त्यांनी सांगितली नव्हती, कारण ‘मी मेलो का ते बघत जा रे’ हे बोलायला जीभ रेटत नाही. पण न सांगता कळेल असं त्यांनी धरलं होतं.

एकदा ते विसरले. दाढ ठणकत होती, फोटो राहिला. गटात कुणाला पत्ता लागला नाही. शिवराजला मात्र लागला, आणि तोही असा की त्यानं समोरच्या धम्मपाल साळवेला फोन लावला. धम्मपाल कामावर, म्हणून आली त्याची आई, पारूबाई.

आता पारूबाई म्हणजे काय प्रकरण होतं ते सांगितलं पाहिजे. पारूबाई आणि कचरूभाऊ यांचं पाण्यावरून भांडण होतं, आणि ते इतकं जुनं होतं की गल्लीतली पोरं त्यावर लहानाची मोठी झाली. नळाला पाणी यायचं आठवड्यानं, तेही मर्जी झाली तर. त्या दिवशी कचरूभाऊ सरळ नळाच्या लाइनीला मोटार जोडून पाणी ओढायचे आणि समोर पारूबाईच्या नळाला नुसती हवा यायची. पारूबाई रस्त्यात उभी राहून त्यांच्या सात पिढ्यांची विचारपूस करायची. पुढं तिनंही मोटार घेतली. मग दोघांच्या मोटारी एकमेकींचं पाणी ओढायच्या आणि पाणी मधल्यामधे पायपात गोंधळून उभं राहायचं.

तर ती पारूबाई कंबरेवर हात देऊन दारात आली आणि फोनमध्ये ओरडली, “जित्ता हाय रे बाबा तुझा बाप! दाढ धरून बसलाय. दाढ दुखायला लागली तरी त्वांड बंद व्हईना!”

कचरूभाऊंची नाचक्की झाली. पुढच्या खेपेला शिवराज घरी आला तेव्हा त्यानं बापाचा मोबाइल मागून घेतला आणि काहीतरी खटपट केली. “बाबा, आता विसरायचं टेन्शनच नाही. रोज सकाळी आपोआप जाईल. मी अख्ख्या वर्षाचे फोटो भरून ठेवलेत. सणावाराचे वेगळे.”

कचरूभाऊंना केवढा अभिमान वाटला! झोपेत असताना आपण लोकांना शुभ सकाळ म्हणतो ही काय लहान गोष्ट आहे? पॅकिंगमधल्या माणसाला आणखी काय हवं? माल भरला, पट्टी मारली, शिक्का उमटवला. त्यांनी गटात सगळ्यांना फुशारकीनं सांगायचंही ठरवलं, पण मग फोटोची किंमत कमी होईल म्हणून गप्प बसले.

त्यात किती मोठी चूक झाली, हे त्यांना कळायला एप्रिल उजाडावा लागला.

त्या दिवशी पाणी येणार होतं. पाण्याच्या दिवशी आमच्या शहरात माणूस सणाच्या दिवशी उठतो तसा उठतो. कचरूभाऊ पहाटेच गच्चीवर जाऊन टाकीत डोकावून आले. तळाला नुसती शेवाळाची खूण. खाली येऊन त्यांनी न्हाणीघरातला नळ उघडा करून ठेवला, म्हणजे पाणी आलं की आवाज व्हावा. नळाला रबरी नळी लावली, तिचं तोंड ड्रममध्ये सोडलं. मग आंघोळीसाठी न्हाणीघराचं दार लोटलं, आणि आतून कडी लावली.

घरात चिटपाखरू नाही. तरी कडी! कुणापासून? लक्ष्मीबाईंच्या फोटोपासून? पण माणसाचा हात असतो, त्याला सवय असते, आणि सवयीला घरात कितीजण आहेत हे मोजता येत नाही.

आंघोळ कसली, बादलीच्या तळाच्या पाण्यात अंग पुसून झालं. त्यांनी कडी ओढली. कडी हलली नाही. त्यांनी जोरात ओढली. तेव्हा कडीची मूठ तेवढी हातात आली, दांडा भोकात तसाच राहिला. कचरूभाऊ त्या मुठीकडं बघत राहिले. छोटीशी, पितळी, दोन बोटांत मावेल एवढी.

“असं कसं?” ते मुठीला म्हणाले.

आधी त्यांनी खांदा लावला. दार पत्रा मारलेलं, जुन्या मजबूत काळातलं. ते हललं नाही, खांदा हलला. मग त्यांनी हाका मारल्या. न्हाणीघर मागच्या अंगाला, वर एक वीतभर झरोका, तो उघडतो बंद घराच्या बोळात. हाक बोळात जायची, ‘विकणे आहे’च्या भिंतीवर आपटायची आणि परत कचरूभाऊंकडंच यायची. पलीकडं गल्लीत घरोघरी कूलर घरघरत होते. एप्रिलात आमच्याकडं कूलर लागला की बाहेर जग बुडालं तरी आत कळत नाही.

“अरे कुणी हाय का?”

कुणी नव्हतं.

ते उलट्या बादलीवर बसले. भिऊ नकोस, त्यांनी स्वतःला समजावलं. फोटो जाणार नाही. शिवराज घाबरेल. धम्मपालला फोन करेल. पारूबाई येईल, चार शिव्या देईल, आणि दार उघडेल. शिव्या खाऊ. एवढंच ना?

आणि बाहेर खाटेवर मोबाइल वाजला. टुंग.

कचरूभाऊ खूश झाले. शिवराजच! मग पुन्हा टुंग. पुन्हा. टुंग, टुंग. पाचव्या-सहाव्या टुंगला त्यांनी दाराला कान लावला. हे शिवराजचे निरोप नव्हते. हे गटातल्यांचे अंगठे होते. फोटो गेला होता. आपोआप. घाबरल्यामुळं नेमकं तेच ते विसरले होते. बाहेर कचरूभाऊ गाडेकर मजेत होते, टवटवीत गुलाबासारखे, आणि सगळे त्यांना शुभ सकाळ म्हणत होते.

“अरे तो मी नाय!” ते दाराला ओरडले. “तो मी नाय रे! मी इथं हाय!”

टुंग, मोबाइल म्हणाला.

मग जी भीती आली ती आधीच्या भीतींची आजी होती. उद्याही फोटो जाईल. परवाही. अख्ख्या वर्षाचे भरून ठेवलेत, सणावाराचे वेगळे. आपण इथं या ओल्या फरशीवर पडलेलो असू आणि तिकडं आखाडीला विठोबा जाईल, पोळ्याला बैलजोडी, दसऱ्याला आपट्याची पानं. दिवाळीत पणत्या लावू आपण! संक्रांतीला गोड बोला म्हणून सांगू! शिवराज कामाच्या गडबडीत फोटो बघेल आणि म्हणेल, बाबा ठीक आहेत. सांडूचा निदान पेपर साचला होता. आपलं काहीच साचणार नाही. मेल्यावर इतका तब्येतीनं वावरणारा माणूस हडकोत दुसरा झाला नसेल.

ऊन चढलं. वरचा स्लॅब तापला आणि न्हाणीघर भट्टीसारखं झालं. ड्रमच्या तळाशी कालचं वाटीभर पाणी होतं, त्यात गंजाचे कण. कचरूभाऊंनी ते ओंजळीनं प्यायलं आणि मग वाटलं, पुरवून प्यायला हवं होतं. रक्तदाबाची गोळी बाहेर टेबलावर होती. ती तिथंच राहील, ताटलीत, पिवळी. कानात काहीतरी ठणठणत होतं. ते हृदय आहे की शेजारचा कूलर हे कळेना.

त्यांना लक्ष्मीबाईंची आठवण आली. रडूबिडू आलं असतं तर बरं झालं असतं, पण आठवलं ते भलतंच. त्या न्हाणीघराबाहेरून ओरडायच्या, “मेले का आत?” रोज. पस्तीस वर्षं रोज. आणि कचरूभाऊ चिडायचे, काय बाई आहे, सकाळी सकाळी अभद्र बोलती! आता त्यांनी कान दिला. बाहेर कुणी विचारलं नाही.

किती वेळ गेला कुणास ठाऊक. नळ फसफसला.

आधी हवा आली, मग एक तांबूस पिचकारी, मग धार, आज मोटारीशिवायही जोराची. कचरूभाऊंनी नळीला तोंड लावून पाणी प्यायलं, डोक्यावर घेतलं, अंगावर घेतलं. जीव आला. ड्रम भरत आला, काठाला लागला, आणि पाणी सांडणार तेवढ्यात त्यांच्या हातानं चपळाईनं नळ बंद केला.

तो हात डोक्याला विचारायला थांबलाच नाही. पाण्याच्या दिवशी थेंब वाया घालवणं म्हणजे आमच्याकडं देवाच्या मूर्तीला पाय लावणं. उलट मूर्तीची माफी तरी लवकर मिळते.

बाहेर गल्ली जागी झाली होती. ड्रम ओढल्याचे आवाज, पळापळ, मोटारींची घरघर. त्यात पारूबाईचा आवाज आला, “धम्या, दुसरी नळी आन!” कचरूभाऊ बादलीवर चढून झरोक्याला तोंड लावून जीव तोडून ओरडले. नावं घेऊन ओरडले. पण पारूबाईची मोटार सुरू होती, आणि तिच्यापुढं माणसाच्या गळ्याची काय बिशाद?

मग त्यांना कळलं. एवढी सगळी माणसं हाकेच्या अंतरावर आहेत, आज दिवसातून पहिल्यांदा आणि बहुतेक शेवटचंच. घटकाभरात पाणी जाईल. मोटारी बंद होतील, दारं लागतील, कूलर लागतील, आणि पुढच्या पाण्यापर्यंत गल्ली पुन्हा आपापल्या घरात. तोवर आपण पुरणार नाही.

माणसाच्या हाकेला ही गल्ली येत नाही. मग कशाला येते? गेल्या उन्हाळ्यात एका घराची टाकी भरून पाणी रस्त्यावर वाहिलं होतं. काय धावली होती गल्ली! गुडघ्याचं ऑपरेशन झालेली माणसं धावली होती.

कचरूभाऊंनी नळाकडं बघितलं. मग नळीकडं. मग झरोक्याकडं.

“नको,” ते मोठ्यानं म्हणाले.

पण नळीचं टोक त्यांनी ड्रममधून काढलं. उलटी बादली झरोक्याखाली सरकवली. प्लॅस्टिकची, एका बाजूनं चीर गेलेली. वर चढताना तिनं कर्र केलं आणि कचरूभाऊंना दिसलं की आपण पडलो, डोकं फरशीवर आपटलं, आणि उद्या सकाळी मोगरा गेला. भिंतीला धरून ते उभे राहिले. नळी झरोक्यातून बाहेर बोळात सोडली, खाली उतरले, डोळे मिटले आणि नळ पूर्ण सोडला.

पाणी बोळात पडल्याचा आवाज आला. स्वच्छ, पिण्याचं, आठवड्यानं आलेलं पाणी. कचरूभाऊंनी तोंड फिरवलं. बकरं कापताना बघवत नाही, तसं.

बोळाचा उतार गल्लीकडं होता. आता पोचलं असेल. आता रस्त्यावर आलं असेल. कुणी ओरडत कसं नाही? धार बारीक झाल्यासारखी वाटली. पाणी जायला लागलं? एवढं पाणी घालवलं आणि तरी कुणी नाही आलं, तर? म्हणजे मग खरंच कुणी नाही.

आणि मग तो आवाज आला. इतका गोड आवाज त्यांनी आयुष्यात ऐकला नव्हता.

“कुनाच्या बापाचं पानी हाय रे हे? कोन सोडलं? आगं माय, नदी चाललीय नदी!” पारूबाई बोळात शिरली होती. “कचरूभाऊ! आज मोटार वाजली नाय तवाच म्हटलं, ह्यो मानूस कायतरी कुरापत काढनार. लोकं हिकडं घागरीसाठी मरू राहिले आन तुम्ही बोळ धुऊ राहिले? लाज हाय का?”

“पारूबाई!” कचरूभाऊ बादलीवर चढले. “पारूबाई, मी अडकलोय! कडी तुटली!”

“आधी नळ बंद करा! मंग अडका!”

“अवो मी सकाळपासून आत हाय!”

“आसू द्या! नळ बंद करा म्हन्ते ना!”

“नाय करत,” कचरूभाऊ म्हणाले. “बंद केला तर तुम्ही जाल.”

पारूबाई पाणी तुडवत झरोक्याखाली आली.

“नाय जात,” पारूबाई म्हणाली. आवाज तोच, पण धार जरा बोथटलेली. “मी कुठं जातीय? बंद करा.”

“शपथ घ्या.”

“काय मानूस हाय! धम्याची घेते. नाय जात. हिथंच हाय. बंद करा आता, लेकराची शपथ वाया चालली.”

कचरूभाऊंनी नळ बंद केला. लगेच विचारलं, “हाय का?”

“हाय.”

“पारूबाई?”

“हाय म्हन्लं ना वो! धम्या, ए धम्या! मोटार बंद कर आन गच्चीवरून जा, ह्या येड्याला बाहेर काढ. पुढच्या दाराला आतून कडी असनार ह्याच्या.”

धम्मपाल शेजारच्या बंद घराच्या बाहेरच्या जिन्यानं वर चढला आणि बोळ ओलांडून कचरूभाऊंच्या गच्चीवर आला. पहाटे टाकी बघून आल्यावर वरचं दार लावायचं राहिलं होतं, तेवढं एक बरं झालं. खाली येऊन त्यानं पहारीनं न्हाणीघराचं दार उचकटलं. ते उघडलं तेव्हा कचरूभाऊ ओल्या पंच्यात, हातात पितळी मूठ घेऊन उभे होते.

“काका, ठीक हाय ना?”

कचरूभाऊंना ‘हो’ म्हणायचं होतं. त्यांनी धम्मपालचा दंड धरला आणि सोडेचनात. तसंच धरून त्यानं त्यांना ओट्यावर आणून बसवलं. गल्ली जमली होती. पारूबाईनं साखर-मीठ घातलेलं पाणी तोंडाला लावलं आणि शिव्या चालूच ठेवल्या, कारण एकदम बंद केल्या असत्या तर दोघांनाही चुकल्यासारखं झालं असतं. कुणीतरी मोबाइल आणून दिला. त्यावर अंगठ्यांची रास पडलेली. एका जुन्या मित्रानं लिहिलं होतं, ‘कचरूशेठ, आज लई फ्रेश!’

कचरूभाऊंना हसू आलं, आणि मग त्यांनी मोबाइल पालथा ठेवला. गुलाब खरोखर फ्रेश होता.

त्यांनी मान वर करून माणसं बघितली. घाबरलेला माणूस जशी मोजतो तशी. ड्रम भरायचे सोडून सगळी आली होती. सगळी?

“कोपऱ्यावरच्या बाई नाय आल्या?” त्यांनी विचारलं.

कोपऱ्यावर सत्यभामाबाई राहायच्या. शाळेत शिकवायच्या कधीकाळी. एकट्या, कमी बोलणाऱ्या. पाण्याच्या दिवशी त्यांचे दोन निळे ड्रम फाटकाबाहेर दिसायचे, तेवढीच त्यांची गल्लीशी ओळख.

“त्यांचे ड्रम नाय दिसले आज,” धम्मपाल म्हणाला.

“मागच्या पान्याला तरी कुठं व्हते?” कुणीतरी म्हणालं.

“लेकीकडं गेल्या असतील.”

“व्हय, गेल्या असतील.”

हे बोलल्यावर कुणीच कुणाकडं बघितलं नाही. कचरूभाऊंना एकदम सांडूच्या दारातला तो उग्र वास आला. वास नव्हता, पण आला. ते उठले. पंचा ओला होता, आणि पारूबाई म्हणत होती, “बसा ना वो, आत्ताच तर बाहेर निघाले.” पण ते चालायला लागले, म्हणून ती चालायला लागली, म्हणून बाकीचेही निघाले. भर दुपारी, घरोघरचे नळ वाहत असताना, गल्ली कोपऱ्याकडं निघाली.

दार बंद होतं. कचरूभाऊंनी थाप मारली.

काही नाही.

पुन्हा मारली. पारूबाईनं त्यांच्या पंच्याचं टोक कधी मुठीत धरलं होतं कुणास ठाऊक. “बाई!” ती ओरडली, पण आवाज निघाला तो बारीक, लहान पोरीसारखा. “ओ बाई!”

धम्मपालनं पहार उचलली.

“कोण आहे?” आतून आवाज आला.

आतली एक कडी निघाली. मग दुसरी. मग खालचं अडसरवजा काहीतरी. दार विताभर उघडलं आणि सत्यभामाबाईंनी बाहेर बघितलं. अंगावर घरातलं जुनं पातळ, डोळ्यांत भीती. एवढी माणसं त्यांच्या दारात बहुतेक यजमान गेले तेव्हाच आली असतील.

“काय झालं? कोण गेलं?”

“कुणी नाय गेलं, बाई,” कचरूभाऊ म्हणाले. पंचा आवळून धरत. “पाणी आलंय. सांगायला आलो.”

“ऐकू आलं मला पाणी.” बाईंनी मान खाली घातली. “ड्रम ओढवत नाही आता. खांदा उचलत नाही. दोन पाण्यांपासून बादलीवर भागवतेय.”

“मंग सांगायचं ना!” पारूबाई खवळली. तिला आता रडायचं होतं आणि ते जमत नव्हतं, म्हणून ती खवळली.

सत्यभामाबाईंनी तिच्याकडं बघितलं. रागानं नाही. शाळेत एखाद्या मुलानं भलताच प्रश्न विचारला की बघायच्या तसं.

“कुणाला?” त्या म्हणाल्या.

आत अंधारात बाईंचा नळ उघडाच होता, आणि त्याची धार करंगळीएवढी झाली होती.

“पानी चाललं!” पारूबाई किंचाळली, आणि दार ढकलून आत शिरली. “धम्या, तो ड्रम धर! कचरूभाऊ, बघत काय उभे राहिले? दुसऱ्या बाजूनं लावा की हात!”

कचरूभाऊंनी हात लावला.